शाळेने कर्सिव्ह बंद केलंय, तिसरीतल्या मुलीला घरी शिकवू की सोडून देऊ?

चाररेघी_वही

नमस्कार मंडळी, थोडा मोठा प्रश्न आहे, सांभाळून घ्या.

मुलगी यंदा तिसरीत गेली. तिचा मोठा भाऊ याच शाळेत तिसरीत होता तेव्हा कर्सिव्हची, म्हणजे इंग्रजी अक्षरं एकमेकांना जोडून लिहायची, वेगळी वही होती, रोज अर्धं पान कित्ता आणि शनिवारी बाई वही तपासायच्या. यंदा वह्यांच्या यादीत ती वहीच नाही. पालकसभेत विचारलं तर कळलं की तो तास आता कॉम्प्युटरला दिलाय, मुलं सुटी अक्षरं लिहितात तेवढं पुरे आहे, आणि कर्सिव्ह कुणाला हौस असेल तर घरी. वर्गशिक्षिकेला दोष देत नाहीये, वेळापत्रक तिच्या हातात नसतं.

पण परवा भावाच्या जुन्या वहीतलं पान तिच्या हाती आलं, आणि तिला ते वाचताच येईना. इंग्रजी तिचं चांगलं आहे, छापलेली गोष्टीची पुस्तकं एकटी वाचते, पण इथे स्मॉल आर दिसला की थांबायची, स्मॉल एस तर तिला अक्षरच वाटला नाही, म्हणाली बाबा इथे काहीतरी खोडलंय. भावात आणि तिच्यात फक्त चार वर्षांचं अंतर आहे हो. भावाने लिहिलेलं बहिणीला वाचता येऊ नये हे मला फार लागलं.

तर विचारायचंय ते असं, की घरी शिकवण्यात खरंच अर्थ आहे का की माझाच जुना जीव त्यात अडकलाय? कर्सिव्हने मेंदूचा विकास होतो असं सगळीकडे फिरतंय ते कितपत खरं? आणि शिकवायचं तर सुरुवात कुठून, कारण तिची पेन्सिल धरायची पद्धत इतकी घट्ट आहे की बोटाचं टोक पांढरं पडतं आणि चार ओळींनंतर हात झटकत बसते.

निवृत्त_बाई

तुमची पोस्ट दोनदा वाचली. मी पंचवीसेक वर्षं तिसरी-चौथीला शिकवलं, हजारो वह्या तपासल्या असतील, त्यामुळे या विषयावर मला राहवत नाही.

पहिलं म्हणजे लिहिण्याआधी वाचायला शिकवा. हे दोन वेगळे विषय आहेत आणि आपण उगीच एकत्र बांधतो. कर्सिव्ह वाचायला शिकणं हे दोन-तीन आठवड्यांचं काम आहे, रोज दहा मिनिटं. तुम्ही स्वतः एक ओळ लिहा, तिने खाली सुट्या अक्षरात उतरवायची. तिच्या आवडीचं काहीतरी लिहा, कोडं लिहा, उद्या काय करायचं ते लिहा. बहुतेक अक्षरं ती ओळखेलच, अडतात ती मोजकी: स्मॉल आर, एस, एफ, झेड, बी, आणि कॅपिटलमध्ये क्यू, जी, एस. तेवढ्यावरच जोर द्या. पुढे लिहायला शिको न शिको, वाचता आलंच पाहिजे असं माझं ठाम मत आहे.

आता लिहिण्याचं. एबीसीडीच्या क्रमाने अजिबात शिकवू नका, सगळी बाजारातली पुस्तकं तसंच करतात आणि तिथेच मुलांचं वळण बिघडतं. हाताची हालचाल सारखी असेल ती अक्षरं एकत्र घ्या. आय, यू, टी यांना एक चढती रेघ आणि एक उतरती, इथून सुरू करा. मग सी, ए, डी, जी, क्यू, ओ, ही सगळी सी च्या वळणातून निघतात, सी जमला की निम्मं काम झालं. मग ई आणि एल, दोन्ही एकच फास, एक बुटका एक उंच, आणि त्यातूनच एच, के, बी, एफ. एन आणि एम टेकड्यांसारखे, ते त्यानंतर. कॅपिटल शेवटी, आणि कॅपिटल सुटी लिहिली तरी काही बिघडत नाही, मी तर वर्गात शेवटी शेवटी तशीच चालवून घ्यायचे.

खरी मेख पुढे आहे. बी, ओ, व्ही, डब्ल्यू ही चार अक्षरं खालच्या रेघेवर संपत नाहीत, वर संपतात. म्हणजे त्यांच्यापुढचं अक्षर वरूनच सुरू करायचं, खाली उतरायचं नाही. बाकी सगळ्या अक्षरांना जोड खालून असतो त्यामुळे मुलं सवयीने इथेही खाली उतरतात आणि मग ओ चा ए होतो. 'ओव्हर' हा शब्द लिहायला लावा, लगेच कळेल. ओ ला व्ही वरून जोडायचा, व्ही ला ई परत वरून, आणि ई वरून घेतला की त्याचा फास अर्धाच राहतो, मग तो ई वाटत नाही. मी हा एक शब्द फळ्यावर आठवडाभर ठेवायचे. ज्या मुलाला 'ओव्हर' जमला त्याला मग कुठलाच शब्द अडत नाही.

ठिपके जोडून गिरवायची पुस्तकं मात्र आणू नका. पोरं ठिपका बघून पुढचा ठिपका गाठतात, हात कुठून कुठे गेला ते त्यांना कळतच नाही, खालून वर पण जातात. कोऱ्या पानावर मोठ्ठं अक्षर काढू दे, आधी हवेत, मग पाटीवर, मग चार रेघी वहीत.

पेन्सिल घट्ट धरते म्हणालात, तर कागद सरळ ठेवते का बघा. कर्सिव्हला कागद तिरका हवा, उजव्या हाताने लिहिणाऱ्याचा कागद थोडा डावीकडे कलता, आणि डावा हात कागदावर टेकलेला. कागद सरळ असला की मनगट वाकतं आणि मग बोटं आवळतात. मऊ पेन्सिल द्या, टू बी वगैरे, म्हणजे दाबायची गरजच पडणार नाही.

आकडे_आणि_अक्षरं

बाईंनी शिकवायचं सांगितलंय त्यात भर घालायची माझी पात्रता नाही, पण मेंदूवाल्या मुद्द्यावर लिहितो कारण मी हे मूळ अभ्यास बसून वाचलेत आणि त्यांच्या नावाने जे फिरतंय त्याचा मला त्रास होतो.

सगळ्यात जास्त फिरतो तो 2012 चा अभ्यास, अमेरिकेतल्या इंडियाना विद्यापीठात कॅरिन जेम्स आणि सहकारी संशोधकाने केलेला. अजून वाचता न येणारी पाचेक वर्षांची मुलं घेतली, त्यांना अक्षरं तीन तऱ्हांनी करायला दिली, स्वतः हाताने काढणं, गिरवणं आणि टाइप करणं, आणि मग स्कॅन करताना तीच अक्षरं दाखवली. ज्या अक्षरांचा सराव मुलांनी स्वतः हाताने काढून केला होता ती बघताना मेंदूतले वाचनाचे भाग जागे झाले, टाइप केलेल्यांना तसं नाही. फार सुंदर अभ्यास आहे. पण लक्षात घ्या, ती मुलं सुटी अक्षरं काढत होती! कर्सिव्हचा त्यात संबंधच नाही.

दुसरा नॉर्वेचा, 2024 मध्ये छापून आला, 36 विद्यार्थी, डोक्यावर 256 सेन्सरची जाळी. त्यात कर्सिव्ह होतं, डिजिटल पेनने स्क्रीनवर. पण तुलना कशाशी, तर एका बोटाने टाइप करण्याशी. सुट्या अक्षरांशी तुलना केलेलीच नाही. म्हणजे हाताने लिहिण्याचा फायदा त्यातून दिसतो, जोडून लिहिण्याचा वेगळा फायदा नाही दिसत.

आणि एक जुना अभ्यास आहे ज्याबद्दल कुणी बोलत नाही, 1998 चा, स्टीव्ह ग्रॅहम आणि सहकाऱ्यांचा. चौथी ते नववीच्या 600 मुलांचं अक्षर तपासलं. निव्वळ सुटं लिहिणारे आणि निव्वळ कर्सिव्ह लिहिणारे यांच्या वेगात फारसा फरक नाही. वेगवान कोण निघाले तर दोन्हींची सरमिसळ करणारे, म्हणजे जिथे सोयीचं तिथे जोडतात आणि जिथे अडतं तिथे पेन उचलतात. तुम्ही आम्ही मोठेपणी घाईत लिहितो ना, अगदी तेच. स्वतःची सही सोडून एखादी ओळ लिहून बघा, पाच-सहा ठिकाणी तरी पेन उचललेलं असेल.

त्यामुळे माझं म्हणणं असं की मेंदूच्या भीतीने शिकवू नका. मुलीने हाताने भरपूर लिहिणं हे खरंच महत्त्वाचं आहे आणि कॉम्प्युटरच्या तासाने ते कमी होत असेल तर शाळेत भांडा, मी तुमच्या बाजूने आहे. पण प्रत्येक अक्षर जोडलंच पाहिजे हा आग्रह कुठल्याच संशोधनातून निघत नाही.

डावखुऱ्याचा_बाबा

मी थोडं कडू लिहिणार आहे, माफ करा.

माझा मुलगा डावखुरा. त्याच्या शाळेत (नाव नाही घेत) कर्सिव्ह सक्तीचं होतं, सुटं लिहिलं की उत्तर बरोबर असूनही मार्क कापायचे. विज्ञानाच्या पेपरात संपूर्ण उत्तर बरोबर आणि खाली लाल शेरा, कर्सिव्ह नाही म्हणून दोन मार्क गेले. पोरगं डाव्या हाताने पेन ढकलत लिहिणार, करंगळीखालची बाजू शाईने काळी व्हायची आणि लिहिलेलं सगळं पुसलं जायचं, आणि बाई म्हणायच्या गचाळपणा आहे. चौथीत त्याने एकदा रात्री झोपताना विचारलं, बाबा मी उजव्या हाताने लिहायला लागलो तर चालेल का. ते वाक्य मी आजन्म विसरणार नाही.

नंतर एका थेरपिस्टने तपासून सांगितलं की त्याला डिसग्राफियाही आहे, म्हणजे डोक्यात उत्तर तयार असतं पण हातातून उतरत नाही. आता तो टाइप करतो, आणि काय लिहितो! पानंच्या पानं. ही गोष्ट त्याच्या मनात आधीपासून होती, आम्ही सगळे मिळून चार रेघांमध्ये कोंबत होतो.

त्यामुळे एखादी शाळा सक्ती काढते तेव्हा मला दुःख होत नाही. ज्याला आवडतं त्याने जरूर शिकावं, पण मार्क आणि अक्षर यांची गाठ बांधू नका एवढीच हात जोडून विनंती.

निवृत्त_बाई

डावखुऱ्याचा_बाबा, तुमचं वाचून पोटात तुटलं. तुम्ही लिहिलंय ते चूकच होतं, आणि आमच्या पिढीतल्या बऱ्याच शिक्षकांनी ते केलंय हे मी मान्य करते. मीही नोकरीच्या सुरुवातीला अक्षराचे मार्क कापलेत. डावखुऱ्या मुलांना कसं शिकवायचं हे आम्हाला कधी कुणी शिकवलंच नव्हतं, कागद उलट बाजूला म्हणजे उजवीकडे कलता ठेवायचा, पेन्सिल टोकापासून जरा वर धरायची म्हणजे लिहिलेलं दिसतं, आणि हात ओळीच्या खालून न्यायचा म्हणजे पुसत नाही, एवढं साधं मला नोकरीच्या पंधराव्या वर्षी कळलं आणि तेही एका पालकाकडून.

पण एक सांगू का, सक्ती वाईट होती म्हणून शिकवणंच बंद करणं यात मला अर्थ दिसत नाही. गणितातही मुलं रडतात, आपण गणित नाही बंद करत, शिकवायची पद्धत बदलतो. शाळेने सोडलं की मग ज्याच्या घरी वेळ आहे, येतंय, त्याच मुलाला मिळतं, बाकीच्यांना नाही. मला ती जास्त मोठी गोष्ट वाटते.

बोरू_आणि_दौत

उशिरा आलो या धाग्यावर, पण जुनी कागदपत्रं वाचणं हा माझा ध्यास आहे त्यामुळे दोन गोष्टी सांगतो.

आधी हे की मुळात जोडून लिहायला का लागले लोक. सुंदर दिसावं म्हणून नाही. पिसाचं पेन किंवा टाक कागदावरून उचलून परत टेकवला की डाग पडायची भीती, आणि उचलण्यात वेळ जातो, म्हणून हात न उचलता पुढे जायचं. शिवाय टाकाची नीब वरच्या दिशेला जोरात ढकलली तर कागदात रुतते, म्हणून सगळ्या रेघा गोलाई घेऊन हलक्या वर जातात. ते फास, ते लफ्फे सगळे त्यातून आले. पुढे अमेरिकेत ऑस्टिन पामर नावाच्या माणसाने फास कमी करून धंद्याच्या पत्रव्यवहाराला चालेल अशी वेगवान पद्धत काढली, बोटं न हलवता सगळा हात टेबलावरून सरकवायचा, आणि विसाव्या शतकाच्या सुरुवातीला तिथल्या शाळाशाळांतून मुलं त्या पद्धतीने पानभर गोल आणि तिरक्या रेघा काढायची. आधी सुटं आणि मग जोडून हा क्रम तर बराच नंतरचा, 1920 च्या दशकात तिथे रूढ व्हायला लागला. त्याआधी पोरं थेट जोडूनच शिकायची.

मग आलं बॉलपेन. 1938 मध्ये लास्लो बिरोने पेटंट घेतलं. त्याची शाई घट्ट, पेन जास्त उभं धरायला लागतं आणि दाब द्यावा लागतो. आपण टाकासाठी बनलेलं वळण मुलांना बॉलपेनने काढायला लावतो आणि मग हात दुखतो म्हणून तक्रार करतो. वहीवाल्या दादा, एकदा मुलीला शाईचं पेन देऊन बघा, नुसतं टेकवलं तरी उमटतं, दाबायचं कारणच उरत नाही. बाईंची मऊ पेन्सिलही त्याच कारणाने.

आता शाळांचं. अमेरिकेत 2010 मध्ये कॉमन कोअर नावाचा समान अभ्यासक्रम आला, चाळीसहून जास्त राज्यांनी घेतला, त्यात कर्सिव्हचा उल्लेखच नव्हता. बंदी नव्हती घातली हं, फक्त उल्लेख नव्हता, आणि जे परीक्षेत नाही ते वर्गात टिकत नाही. फिनलंडने 2016 मध्ये जोडून लिहिण्याची अट काढून टायपिंगला जागा दिली. पण मग काटा उलटाही फिरला, कॅलिफोर्नियाने 2023 मध्ये कायदा केला की पहिली ते सहावी कर्सिव्ह शिकवायचंच, आणि आज अमेरिकेतल्या वीसहून जास्त राज्यांत ते परत आलंय. तिथल्या राष्ट्रीय अभिलेखागारात दोनशे वर्षांपूर्वीची पेन्शनची, फौजेची कागदपत्रं वाचून टाइप करायला स्वयंसेवक लागतात आणि कर्सिव्ह वाचता येणाऱ्या लोकांचं ते विशेष स्वागत करतात.

आणि आपल्याला याचं नवल वाटायला नको, कारण आपण हे आधीच एकदा भोगलंय. मोडी म्हणजे काय, मराठीचं कर्सिव्हच की! आधी पानभर शिरोरेषा ओढून घ्यायची आणि मग बोरू शक्य तितका न उचलता अक्षरामागून अक्षर टांगत जायचं, ऱ्हस्व-दीर्घाचा फरकही सोडून दिला कारण वेग हवा होता. छपाईला बाळबोध, म्हणजे आपली देवनागरी, सोयीची पडली, विसाव्या शतकाच्या मध्यावर मोडी शाळेतून गेली, आणि दोन पिढ्यांत घरातले कागद घरातल्यांना वाचता येईनासे झाले. मी मोडी चाळिशीनंतर शिकलो. पहिल्यांदा एक साधी पावती वाचता आली, कुणीतरी कुणाला बैल विकल्याची, काही मोठा इतिहास नव्हता त्यात, पण मला रडू आलं. तो कागद इतकी वर्षं समोर होता आणि मुका होता.

तेव्हा तुम्ही लिहिलंत ना की भावाचं बहिणीला वाचता येत नाही, ते मला नीट कळतं. वाचायला शिकवाच. लिहिण्याचं तिच्यावर सोडा.

चाररेघी_वही

सगळ्यांचे मनापासून आभार, तीन आठवड्यांनी परत आलोय, काय झालं ते सांगायला.

बाईंनी सांगितलं तसं आधी फक्त वाचन. रोज रात्री मी एक ओळ लिहून तिच्या उशाशी ठेवतो, सकाळी ती खाली सुट्या अक्षरात उत्तर लिहिते. पहिले चार दिवस एस वर अडली, आता अडत नाही. भावाने हे बघितलं आणि तोही लिहायला लागला, तो मुद्दाम वाईट लिहितो म्हणजे तिला अवघड जावं म्हणून, आणि ती तेही वाचते!

लिहायला मागच्या आठवड्यात तिनेच मागितलं. आय, यू, टी, मग सी चं कुटुंब. कागद तिरका केला आणि दोन दिवसांत बोटाचं पांढरं पडणं कमी झालं, मी डोळ्याने बघितलंय, इतका साधा उपाय असेल असं वाटलं नव्हतं. शाईचं पेन फक्त रविवारी देतो.

'ओव्हर' लिहून बघितला. ओ पहिल्यांदा ए च झाला, अगदी बाई म्हणाल्या तसा. तिने स्वतःच बघितलं, म्हणाली हे चुकलं, पुसलं, परत. सातव्या-आठव्या वेळेला व्ही वरून आला. ई अजून अर्धवट वाटतो. तिने मग पेन्सिल उचलून ई सुटा काढला आणि माझ्याकडे बघितलं, मला ती सरमिसळवाली पोस्ट आठवली आणि मी म्हटलं चालेल. चाललं ना बाई?

डावखुऱ्याचा_बाबा, तुमची पोस्ट मी प्रिंट काढून वर्गशिक्षिकेला दाखवली, तुमचं नाव-गाव त्यात काही नव्हतंच. त्यांनी मुख्याध्यापकांकडे विषय काढलाय की आठवड्यातून एक तास, मार्क नाहीत, सक्ती नाही, फक्त वाचायला आणि हवं त्याला लिहायला. होईल का माहीत नाही. बाई, तसं झालं तर तुमचा अक्षरांचा क्रम मी त्यांना देऊ का?

निवृत्त_बाई

ई सुटा काढला तर चाललं, अगदी चाललं. थोड्या दिवसांनी तिचा हातच आपणहून तो जोडेल किंवा नाही जोडणार, दोन्ही ठीक.

क्रम जरूर द्या. पण शिक्षिकेला एवढं सांगा की एन-एम घेण्याआधी एल-ई चा फास पक्का होऊ द्या, घाई केली की एच ची टेकडी चपटी होते आणि मग एच आणि के एकसारखे दिसायला लागतात. आणि वर्गात डावखुरी मुलं किती आहेत ते पहिल्याच दिवशी मोजा, त्यांना बाकाच्या डाव्या टोकाला बसवा म्हणजे शेजारच्याच्या कोपराला कोपर लागणार नाही.